गणपतीनंतरचा फुटबॉल सराव आणि सीपीकेचा आकडा

कातळसडा

गौरी-गणपतीला पोरं आपापल्या गावी जातात. पाच, सात, कुणाची दहा-अकरा दिवसांची सुट्टी होते. परत आल्यावर दोन आठवड्यांत आंतरमहाविद्यालयीन सामने, म्हणून पहिल्याच दिवसापासून सराव जोरात. नेमक्या याच दिवसांत मांड्या धरून बसणारी, जिना उतरताना कठडा पकडणारी मुलं दिसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून या काळात खेळाडूंच्या रक्ततपासण्या करायचं ठरवलं आहे. बावीस मुलं आहेत आणि पैसे बेताचे. कोणत्या तपासण्या करायच्या, रक्त कधी काढायचं आणि आकडा कसा वाचायचा, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. इथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल.

सीरम_पिवळं

बजेट बेताचं असेल तर एकच तपासणी करा, सीपीके. काही लॅबच्या फॉर्मवर सीके असं लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. फॉर्मवर 'सीपीके टोटल' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'सीपीके' म्हटलं की काही ठिकाणी सीपीके-एमबी लावतात. ते हृदयासाठी वापरतात आणि इथे त्याने गोंधळच वाढेल. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज. क्रिएटिनीन वेगळं, ते मूत्रपिंडासाठी. नावं सारखी असल्याने फॉर्म भरताना नेहमी चूक होते.

हे विकर (एन्झाइम) स्नायूच्या पेशीच्या आत असतं. ताणाने पेशीचं आवरण फाटलं की ते बाहेर झिरपतं आणि बरंचसं लसिकेच्या वाटेने सावकाश रक्तात येतं. म्हणून सराव झाल्या झाल्या रक्त काढलं तर आकडा फारसा हललेला नसतो. तो २४ तासांनंतर चढतो, बहुतेकांत २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिखर गाठतो आणि मग साधारण दीड दिवसाला निम्मा होत उतरतो. शनिवारच्या सामन्याचा परिणाम बघायचा असेल तर सोमवारी सकाळी रक्त घ्या.

मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन, ते याच्या उलट. ते काही तासांत चढतं आणि बहुधा दिवसभरात उतरतं. दुसऱ्या दिवशी ते नॉर्मल आलं म्हणून स्नायू ठीक आहेत असं म्हणता येत नाही. एलडीएच हे आणखी एक विकर, ते तर या कामासाठी मी सुचवणारच नाही. लाल पेशींत एलडीएच ठासून भरलेलं असतं, नमुना जरा जरी फुटला तरी आकडा वर जातो.

आता नमुन्याबद्दल, कारण निम्म्या चुका इथेच होतात:

मुलाला दहा-पंधरा मिनिटं बसवा, मग रक्त घ्या. दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका, मूठ उघड-मीट करायला लावू नका. ३ ते ४ मिली पुरे. नळी लाल झाकणाची साधी किंवा पिवळ्या झाकणाची जेलवाली. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी चालत नाही. सीपीकेला काम करायला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच बांधून ठेवतं, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. हिमोग्लोबिनसाठी जांभळी नळी भरलीच आहे तर त्यातच सीपीके उरकू, असं कुणी म्हटलं तर थांबवा.

रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवा. सीरम वेगळं झाल्यावरच नमुना प्रवासाला निघू दे. न फिरवलेली नळी एसटीने घाटातून पाठवली की हिंदकळून लाल पेशी फुटतात. लाल पेशींत सीपीके नसतं, पण अ‍ॅडेनायलेट कायनेज असतं आणि ते तपासणीच्या रसायनक्रियेत लुडबुड करून आकडा फुगवतं. रसायनात त्याला रोखणारे घटक असतात, पण फार फुटलेल्या नमुन्यात तेही अपुरे पडतात. पोटॅशियमसुद्धा खोटं वाढलेलं दिसतं. बर्फाची पिशवी नळीला थेट टेकवली तरी असंच होतं, मध्ये कापड घाला. सीरम गुलाबी दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका, नमुना पुन्हा घ्या.

वेगळं केलेलं सीरम फ्रीजमध्ये ठेवलं तर सीपीके काही दिवस टिकतं. एलडीएचही मागवलं असेल तर मात्र ती नळी फ्रीजमध्ये नको. स्नायूतल्या एलडीएचला थंडी सोसत नाही.

बावनदी

वरचं सगळं मान्य. माझा मुद्दा पुढचा. एकच आकडा हातात धरून काहीही ठरवता येत नाही. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा साधारण २०० ते ३००च्या आसपास छापलेली असते आणि ती न खेळणाऱ्या माणसांची असते. २००७ साली ग्रीसमध्ये खेळाडूंसाठी वेगळ्या मर्यादा काढल्या गेल्या. पुरुष खेळाडूंसाठी ८२ ते १०८३ युनिट प्रति लिटर, त्यातही फुटबॉलपटूंसाठी ८३ ते १४९२ आणि जलतरणपटूंसाठी ७० ते ५२३. स्त्री-खेळाडूंची वरची मर्यादा ५१३ आली. म्हणजे नियमित सराव करणाऱ्या मुलाचा आकडा ९०० आला आणि लॅबने त्यावर ठळक 'हाय' छापलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्याहून चांगली मोजपट्टी म्हणजे त्या मुलाचा स्वतःचा आकडा. हंगाम नसताना, दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती झाल्यावर सकाळी रक्त घ्यायचं, असं दोन-तीन वेळा करायचं. कुणाचा मूळ आकडा १२० असतो, कुणाचा ४५०. तोच सराव केल्यावर एकाचा दुप्पट होतो आणि दुसऱ्याचा दहापट, तरीही दोघं तितकेच धडधाकट खेळतात. अंगात स्नायू जास्त असले की आकडाही जास्त. म्हणून दोन मुलांचे आकडे शेजारी ठेवून कोण जास्त दमला हे ठरवू नका.

गणपतीनंतरच का दुखतं, तर त्याचं कारण सुट्टीत बसून राहणं एवढंच नाही. स्नायू लांबत असताना जोर लावायचा (उतारावर पळणं, वेगात येऊन गपकन थांबणं, उडी मारून उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूचा नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम), अशा कामात तो सर्वात जास्त फाटतो. पण एकदा हे काम केलं की पुढच्या वेळी तेच काम केल्यावर सीपीके खूप कमी चढतं. हे संरक्षण काही आठवडे टिकतं, आणि ते मिळवायला फार काही करावं लागत नाही. दोन ते सहा जोरकस आवर्तनांनीसुद्धा बऱ्यापैकी संरक्षण मिळाल्याचं दिसलं आहे.

मग करायचं काय, तर घरी जाणाऱ्या मुलाच्या हातात एवढंच काम द्यायचं: आठवड्यातून दोनदा, नॉर्डिक चार वेळा. माजघरात घडी घातलेल्या घोंगडीवर गुडघे टेकायचे, मागे भावाने दोन्ही घोटे दाबून धरायचे, आणि अंग गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं. शेवटी तोल जाईल तेव्हा हात टेकायचे. कंबरेत वाकलं की सगळा जोर निघून जातो, ते भावाने बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आरत्यांच्या आधी उरकतं.

गोलकी_वेंगुर्ला

माका एक इचारूचा आसा. एका पोराच्या रिपोर्टात एसजीओटी वाढलेला इला. लगेच सगळे म्हणूक लागले कावीळ झाली, फुटबॉल बंद. सीपीके कोणी बघूकच नाय. ह्यां बरोबर आसा?

सीरम_पिवळं

नाही, अर्धवट आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी लिव्हरच्या तपासणीत बघतात, पण ही दोन्ही विकरं स्नायूतही असतात. पैकी एसजीओटी जास्त. समजा एखाद्या रिपोर्टमध्ये असं आलं: एसजीओटी २१०, एसजीपीटी ७०, बिलिरुबिन ०.८, जीजीटी २२. एसजीओटी एसजीपीटीच्या तिप्पट, बिलिरुबिन आणि जीजीटी मात्र जागेवर. इथे लिव्हरच्या गोळ्या सुरू करण्याआधी त्याच सीरममध्ये सीपीके लावायला सांगा. ते ६-७ हजार आलं तर उत्तर मिळालं. जीजीटी हे लिव्हरच्या तपासणीतलंच विकर, पण ते स्नायूत जवळजवळ नसतंच, म्हणून ते नॉर्मल असणं हा मोठा धागा आहे. पुढे उतरताना एसजीओटी सीपीकेच्या बरोबरीने खाली येतं, एसजीपीटी मागे रेंगाळतं. आठवड्याने पाहिलं तर एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी असं उलटं चित्र दिसेल, त्याने पुन्हा कावीळ समजू नका.

पावसाळी_ताप

इथे थांबून एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण आपण कोकणात आहोत आणि महिना सप्टेंबर आहे.

ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्या तर मुलगा ओरडतो, इतक्या दुखतात, अशी लक्षणं असतील तर लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) धरून चला. त्यातही सीपीके वाढतं. चिखलाच्या मैदानात खेळणं, गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जखमा, अनवाणी भातखाचरातून जाणं, म्हणजे गणपतीच्या सुट्टीत मुलं जे जे करतात त्या सगळ्यात याचा धोका आहे. 'सरावाने पाय दुखतायत' म्हणून दोन दिवस काढले तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात येतात.

फरक असा ओळखा. सरावाच्या दुखण्यात ताप नसतो, दुखणं वापरलेल्या स्नायूतच असतं आणि दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त होऊन मग कमी होत जातं. लेप्टोत ताप असतो, प्लेटलेट उतरू शकतात, क्रिएटिनीन वाढतं, लघवी कमी होते. कावीळ झाली तर बिलिरुबिन खूप चढतं पण एसजीओटी-एसजीपीटी त्या मानाने बेताचीच राहतात. लेप्टोची आयजीएम (प्रतिपिंडांची) तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून त्या निगेटिव्हवर विसंबून राहू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत, डॉक्टर संशयावरच सुरू करतात.

ताप असलेल्या मुलाचं सीपीके सरावाच्या तक्त्यात लिहूच नका. कुठल्याही विषाणूच्या तापात ते वाढू शकतं. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलेलं असेल तरी वाढतं.

कातळसडा

हे सगळं लिहून घेतो आहे. दोन प्रश्न. नेटवर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे जे आकडे दिसतात ते हजारांत असतात, ते आपल्याला लागू आहेत का? आणि कितीच्या वर गेलं की दवाखाना?

बावनदी

ते आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्यांचा फुटबॉल हेल्मेट-पॅड घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. शंभर किलोच्या वरची पोरं, ऑगस्टचा उन्हाळा आणि पूर्वी दिवसातून दोनदा सराव. आदळण्यानेही स्नायू चेचतो, त्याचं सीपीके वेगळं. आपल्या प्रकारात धावणं, वळणं आणि थांबणं यांचा भार मोठा. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाणारा खेळ कबड्डी.

पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे १३ फुटबॉलपटू ऱ्हॅब्डोमायोलिसिसने, म्हणजे स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याने, रुग्णालयात गेले. सुट्टीहून परतल्यावर पहिल्याच दिवसांतल्या सरावात आपल्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने १०० स्क्वॅट, वेळ लावून. वजन हलकं होतं आणि पोरं दणकट होती. घात केला तो सुट्टीने आणि संख्येने. त्यांच्या एनसीएएने (कॉलेज खेळांची संघटना) २००३ मध्ये हंगामाच्या सुरुवातीला पाच दिवसांचा सरावण्याचा काळ सक्तीचा केला होता (२०२१ मध्ये तो वाढवला), तेव्हा पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पाचव्या दिवशी पूर्ण साज. २०१७ मध्ये दिवसातून दोनदा पूर्ण सराव घेणंही बंद केलं. आपण गणपतीनंतर याच धर्तीवर पाच दिवस हलके ठेवले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

पावसाळी_ताप

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आकड्याआधी मुलाकडे आणि त्याच्या लघवीकडे बघा.

काळ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची लघवी, सरावाच्या मानाने भलतंच दुखणं, सुजलेली घट्ट मांडी, हात किंवा पाय सरळच न होणं, उठवत नाही इतका अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसलं की आकड्याची वाट न पाहता दवाखान्यात. मांडी दगडासारखी लागते, पाऊल दुसऱ्याने हलवलं तरी कळ जाते, बोटं बधिर वाटतात, असं असेल तर एक तासही दवडू नका. त्यात स्नायूच्या कप्प्यातला दाब वाढलेला असतो आणि शस्त्रक्रिया लागू शकते.

लघवीची साधी पट्टीही कामाची. पट्टीवर रक्ताचा चौकोन गडद हिरवा होतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत, तर ते बहुधा मायोग्लोबिन. मात्र ते लवकर धुऊन जातं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची स्वच्छ लघवी म्हणजे सुटका नव्हे.

लक्षणं नसताना नुसता आकडा वाढला असेल तर: मूळ आकड्याच्या पाचपटीपर्यंत, सराव हलका करा आणि ४८ तासांनी पुन्हा बघा. ५००० ओलांडलं तर सराव बंद, त्याच दिवशी क्रिएटिनीन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला. ५०००च्या वर मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढत जातो. काही मुलांचं सीपीके २० हजार जाऊनही मूत्रपिंड ठणठणीत राहतं, पण तो निर्णय मैदानावर घ्यायचा नाही.

आणि दोन गोष्टी हात जोडून सांगतो. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, इंजेक्शन तर नकोच. अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात मायोग्लोबिन आणि त्यात ही औषधं, याने मूत्रपिंड बसू शकतं. दुसरं शहाळं. एरवी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. स्नायू फुटल्यावर पोटॅशियम आधीच रक्तात ओतलेलं असतं, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. संशय असेल तेव्हा शहाळं नको, दवाखान्यात जाईपर्यंत साधं पाणी किंवा ओआरएस.

गोलकी_वेंगुर्ला

शहाळ्याचा ह्या म्हायत नव्हता. आमच्याकडे पोर थकला की पयलो शहाळोच फोडतत. रोजच्या सरावाक काय देवचा मगे?

बावनदी

रोजच्या सरावाला शहाळं खुशाल द्या, जोडीला मिठाचं काहीतरी हवं. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज सर्वात स्वस्त. कोकम सरबतात मीठ घाला, नुसतं गोड नको. ओआरएस घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा. किती प्यायचं हे वजनकाट्यावर ठरवा: सरावाआधी आणि नंतर, घामाचा शर्ट काढून वजन. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, थोडं थोडं करून. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटत असेल तर सरावातच पाण्याला वारंवार थांबा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात तर फारच. सराव सकाळी सात वाजता संपेल असा धरा.

जागेबद्दलही लिहितो. भाट्ये, मांडवीसारख्या किनाऱ्यावर कोरड्या मऊ वाळूत धावलं की श्वास लागतो, पण थांबताना वाळू सरकते आणि झटका कमी बसतो. म्हणून पहिल्या पाच दिवसांत वाळू चांगली. पोटऱ्यांवर मात्र ताण येतो, वीस मिनिटं पुरे. याउलट किल्ल्याच्या चढावर धावत जायचं आणि धावतच उतरायचं, हा 'दम वाढवायचा' लाडका प्रकार पहिल्या आठवड्यात पूर्ण बंद. चढा, आणि उतरताना चालत या. सीपीके चढतं ते उतरण्याने.

सीरम_पिवळं

पालघर-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यातली मुलं संघात असतील तर हंगामाआधी एकदा सिकलसेलची (लाल पेशींचा आनुवंशिक दोष) सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी एचपीएलसी ही दुसरी तपासणी. वाहक असलेला मुलगा खेळू शकतो. पण उन्हात सलग जोरात पळवल्यास त्याचे स्नायू फुटण्याचा धोका जास्त, त्याला मध्ये पूर्ण विश्रांती द्यावी लागते. अमेरिकेत वरच्या गटातल्या कॉलेजांत २०१० पासून ही तपासणी केली जाते. रिपोर्ट मुलालाच द्या, फळ्यावर नावं लावू नका.

कातळसडा

बावीस मुलांचं सीपीके दर आठवड्याला शक्य नाही. मग कुणाचं करायचं हे कसं निवडू?

बावनदी

भिंत आणि खडू. बोटांना खडू लावून मुलगा भिंतीला बाजू करून उभा राहतो, हात वर ताणून पहिली खूण. मग जागेवरून उडी, वरच्या टोकाला दुसरी खूण. तीन उड्यांतली सर्वात उंच धरा, दोन खुणांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. हे सुट्टीआधी करून ठेवा. परतल्यावर दर सकाळी सरावाआधी तेच. सोबत दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा मुलाने स्वतः द्यायचा, दुसऱ्या मुलांसमोर नाही, नाहीतर सगळे दोनच सांगतात. उडी दहा टक्क्यांनी घटली किंवा दुखणं सातच्या वर गेलं, त्याचं सीपीके. स्नायूची ताकद किती गेली हे उडी जास्त खरं सांगते, सीपीके आणि ताकद यांचा मेळ नेहमी बसत नाही.

पाच दिवस असे लावा. पहिला आणि दुसरा दिवस: नेहमीच्या निम्मा वेळ, पासिंग आणि वाळूत हलकं धावणं, नॉर्डिक तीन ते पाच वेळा आणि एकच फेरी (फिफा ११+ या इजा टाळण्याच्या सराव-क्रमातही सुरुवात तीन ते पाचनेच आहे). तिसरा दिवस: बचाव-हल्ल्याचे छोटे डाव, पण लहान चौकोनात नको, तिथे थांबणं-वळणं फार होतं. चौथा दिवस मोकळा, त्या दिवशी सकाळी ज्यांची उडी घटलेली दिसेल त्यांचं रक्त. पाचव्या दिवशी पाऊण वेळ, शेवटी पूर्ण वेगाच्या चार ते सहा धावा. शिक्षा म्हणून बैठका किंवा उठाबशा या पाच दिवसांत कुणालाही नाहीत, उशिरा आला तरी नाहीत.

पावसाळी_ताप

ज्याचं सीपीके खूप चढून उतरलं आहे त्याला परत मैदानावर आणताना: ७२ तास पूर्ण विश्रांती, पोटभर पाणी, आठ तास झोप, मग पुन्हा सीपीके आणि लघवी. लॅबच्या वरच्या मर्यादेच्या पाचपटीखाली आलं आणि लघवी स्वच्छ असली तर हलक्या हालचाली सुरू, आठवडाभर त्यावरच. त्यात दुखणं, सूज, अशक्तपणा परतला नाही तरच चेंडू. महिनाभरातही उतरत नसेल किंवा थोड्याशा श्रमाने पुन्हा उसळत असेल तर थायरॉइड तपासा आणि स्नायूच्या आनुवंशिक आजारासाठी तज्ज्ञांकडे पाठवा. रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाचा हा सगळा क्रम त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा, प्रशिक्षकाने नाही.